शेपटाचं पाऊल

आमच्या बाबाशी कोणी वाद घालू नये. मी घालते, कारण मी त्याचीच पोरगी.

मी जव्हारला शिक्षिका आहे. परदेशी सिम्फनी ऐकायचं वेड मला उशिरा लागलं आणि ते घरच्यांच्या गळी उतरवायची भारी हौस. वाघबारशीच्या आदल्या दिवशी साखरशेतला घरी गेले आणि ओटीवर आईबाबांना मोबाइल दाखवला. सिम्फनी एकच, कंडक्टर दोन, दोघांच्याही हातात वाजवणाऱ्यांना इशारे द्यायची बारीक काठी. पहिला तरुण, झपाझप नेणारा. दुसरा म्हातारा, खुर्चीत बसून तेच सूर निवांत काढून घेणारा.

"अरे, हा तर काठीवाला!" बाबा म्हणाला.

बाबा स्वतः काठीवाला. आमच्याकडे तारप्याच्या, म्हणजे भोपळ्याच्या पुंगीच्या, सुरावर फेर धरतात तेव्हा पुढचा एकजण घुंगरांची काठी भुईवर आपटत ठेका देतो. तीस वर्षं ती काठी बाबाकडे होती. मग गुडघे गेले आणि काठी आढ्याला खोचली गेली. यंदा तर वाघबारशीचा नाच बघायलाही येणार नाही म्हणून बसला होता. खरं सांगते, म्हणूनच खुर्चीतला म्हातारा मी मुद्दाम शोधून काढला होता.

"पण याची काठी भुईला लागतच नाय. ठेका कुठून येतो?"

"वाजवणारे त्याच्याकडे बघतात, बाबा."

"बघून काय होतंय? तो तरणा बरा, नेतो तरी. हा म्हातारा झोपलाय."

"झोपलाय? अरे, घाई नाही म्हणून एकेक सूर ऐकू येतोय!"

"तुला गं काय कळतं? तू कधी फेरात टिकलीस?"

हे खरं होतं म्हणून मला जास्तच राग आला. मी दोन्ही व्हिडिओ पुन्हा लावले, आवाज वाढवून. आमची चांगलीच जुंपली.

आई बाजूला नागली पाखडत होती. सूप खाली ठेवून ती बाबाला म्हणाली, "तो तरणा तुझ्यासारखा हाय. पुढच्यांना घेऊन पळतो. शेपटाला कोण हाय ते बघत नाय."

"फेराच्या शेपटाला कोण असतंय?"

"मी असायची. पोटात पोर, नायतर पाठीला बांधलेलं. तीस वर्षं तुझ्या काठीमागं धावले. एकदा माझा पाय ठेक्यावर पडला नाय."

बाबा तिच्याकडे बघतच राहिला. "बोलली नायस कधी."

"तू थांबलास कधी?"

बाबाने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि म्हाताऱ्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर त्याने मला आढ्याची काठी काढायला लावली. मैदानाच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची मांडून तिच्यात बसला. तारपा सुरू झाला, फेर फिरू लागला. बाबाने काठी वर उचलली आणि तशीच हवेत धरली. पुढचे अडखळले. "आपट की, आजा!" कोणीतरी ओरडलं. बाबा ऐकेना. त्याची नजर शेपटाकडे होती. आईचं पाऊल पडलं, तेव्हा काठी पडली. पुढेही तसंच, दर फेऱ्याला.

फेर सुटल्यावर आई माझ्याजवळ आली. तिला धाप लागली नव्हती. मी डोळे पुसत होते, तर माझ्यावरच करवादली.

"तो म्हातारा आधी का नाय दाखवलास गं?"