हळू आवाजातलं चाकण

जाताना एक आणि येताना दोन, अशी तीन तिकिटं मी लातूरच्या बसस्थानकावर काढली. येतानाचं दुसरं तिकीट माझ्या भाचीचं होतं आणि तिला त्याची कल्पना नव्हती.

माझी धाकटी बहीण सुनंदा कितीतरी दिवस माझ्या मागे लागली होती. तिची ऋतुजा मेकॅनिकलची पदवी घेऊन चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात लागली. फोन रोज यायचा, पण पोरगी फोनवर कुजबुजायची. "जेवलीस का?" "हो." "बरी आहेस ना?" "हो गं." सगळं घशातल्या घशात, भिंतीपलीकडे कुणी कान लावून बसल्यासारखं. सुनंदाने त्यावरून ठरवून टाकलं की पोरगी कुणाच्या तरी धाकात आहे.

"आक्का, तू जा," ती म्हणाली. "तुला कुणी गुंडाळू शकत नाही. आणि येताना तिला घेऊनच ये. नोकऱ्या इथेही मिळतात."

माझी पिठाची गिरणी आहे. पट्टा फिरत असताना बोलायचं म्हणजे ओरडायचं. इतकी वर्षं ओरडल्यावर मला आता हळू बोलता येत नाही, आणि हळू बोलणाऱ्या माणसाचा मला संशयच येतो. त्यामुळे सुनंदाचं म्हणणं मला पटलं. गिरणीवर नवऱ्याला बसवलं, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि निघाले.

नाशिक फाट्याला उतरून चाकणची बस धरली. थंडीचे दिवस होते. भोसरी मागे पडली तसं धुकं दाट झालं आणि रस्त्याच्या कडेच्या कंपन्यांच्या भिंती अर्ध्यावरच संपल्यासारख्या दिसू लागल्या. आमच्या बाजूने एक लांबलचक ट्रेलर चालला होता. त्यावर दोन मजल्यांत नव्या मोटारी, सगळ्यांच्या अंगावर पांढरं प्लास्टिक. धुक्यात ट्रेलरची चाकं दिसत नव्हती, त्यामुळे त्या मोटारी कुणी न चालवता, आवाज न करता हवेतून चालल्यासारख्या वाटत होत्या. मी बराच वेळ बघत राहिले. बसमध्ये मी सहसा खिडकीबाहेर बघत नाही, सामानाकडे बघते.

समोरून कंपन्यांच्या बसगाड्या येत होत्या. एकामागून एक, आणि प्रत्येक खिडकीच्या काचेला एक कपाळ टेकलेलं. एकाही माणसाचे डोळे उघडे नव्हते.

"हे सगळे आजारी आहेत का?" मी शेजारच्या फेटेवाल्या आजोबांना विचारलं. अख्ख्या बसने मागे वळून पाहिलं.

"आजारी न्हाईत बाई," आजोबा म्हणाले. "थर्ड सुटलीया." (थर्ड म्हणजे रात्री भरून सकाळी सुटणारी पाळी.)

ऋतुजाची खोली चाकणच्या पुढे एका वाडीत, दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आहे. घरमालकीण हिराबाई. त्यांची पूर्वीची शेती जिथे होती तिथे आता कारखान्याचं कुंपण आहे, उरलेल्या तुकड्यात त्या कांदा लावतात. मी गेले तेव्हा त्या अंगण झाडत होत्या, तेही खराटा जमिनीवर न घासता, नुसता टेकवत.

"मी ऋतुजाची मावशी!" मी फाटकातूनच सांगितलं.

हिराबाईंनी खराटा टाकला आणि दोन्ही हात हवेत दाबल्यासारखे केले. "अवो, हळू, हळू! वर पोर निजलीया."

"या वेळी?"

"तिची रात हाय आता," त्यांनी चावी देत कानात सांगितलं. "तुमची कामाव गेलीया. दुपारच्याला यील."

वर गेले. भर दिवसा खोलीत अंधार होता. खिडकीवर जाड निळी चादर, तिच्यातून पाण्याखाली असतो तसा उजेड आत येत होता. त्या उजेडात एका गादीवर कुणीतरी डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेऊन झोपलेलं. ही प्राजक्ता, मूळची रत्नागिरीकडची. तिसरी मुलगी अश्विनी बीडची, ती दुपारच्या पाळीआधी कपडे धुवायला गच्चीवर गेली होती. तिघी तीन कारखान्यांत आणि तीन पाळ्यांत. मी पिशवी खाली ठेवली तर पिशवीचाही केवढा आवाज झाला.

मग मी तपासणीला लागले, त्यासाठीच तर आले होते. फ्रिजमध्ये मोड आलेले मूग, दही, केळी, उकडलेली अंडी. भिजवलेले हरभरे. शिजलेलं म्हणावं असं काही नाही. कुकर फळीच्या टोकाला, वर धूळ, आणि त्याची शिट्टी काढून भिंतीवरच्या खिळ्याला दोऱ्याने टांगलेली. म्हटलं, सापडलं. पोरींना स्वयंपाकाचा कंटाळा आहे, कच्चं खाऊन राहतात, अंगात ताकद नाही म्हणून आवाज निघत नाही. कुकर घासला, वरण-भात लावला आणि खिळ्यावरची शिट्टी काढून झाकणावर बसवली.

पहिली शिट्टी झाली आणि गादीवरचं पांघरूण उडालं. प्राजक्ता ताडकन उठून बसली आणि डोळे मिटलेल्या अवस्थेतच जमिनीवर हात फिरवून बूट शोधू लागली. "आली? बस आली?"

"नाही गं, वरण-भात आहे," मी म्हणाले.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे, कुकरकडे आणि मग रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "असूं दे हो मावशी," ती म्हणाली आणि आडवी झाली. पण तिला पुन्हा झोप लागली नाही. निळ्या उजेडात ती छताकडे बघत पडलेली मला दिसत होती.

हिराबाई जिना चढून आल्या, माझा हात धरून मला खाली घेऊन गेल्या आणि चहा दिला. रागावल्या नाहीत. "कवा बी या, वर कुनीतरी झोपल्यालंच असतंय," त्या म्हणाल्या. "म्या तर माझा कोंबडा इकला. गुनाचा व्हता, पर त्याला थर्ड समजंना."

ऋतुजा दुपारी आली. निळा सदरा, गळ्यात ओळखपत्र, केस आवळून बांधलेले. गाल बसले होते, पण पोटऱ्या दगडासारख्या घट्ट. मला बघून तिचा चेहरा फुलला, आणि तिने माझ्या गळ्यात पडून कानाशी म्हटलं, "मावशी! अगं सांगायचं नाहीस?"

"म्हणून तू फोनवर कुजबुजतेस होय?" मी विचारलं. माझ्या परीने हळू.

"मग काय करू? कुणी ना कुणी झोपलेलं असतंच."

इतकंच होतं ते. पण मी एवढ्यावर परतणारी नव्हते, कारण संध्याकाळी भाजी आणायला गेलो तेव्हा भर बाजारातही ती तशीच बोलत होती. भाजीवाला म्हणाला, "ताई, जरा मोठ्यानं बोला की, मेथी का शेपू?"

"इथे कोण झोपलंय?" मी विचारलं. ती आजूबाजूला बघून हसली, पण पुढचं वाक्य पुन्हा हळूच बोलली. आवाज असा अंगातून गेला असेल तर बरं लक्षण नाही, असं माझं मत झालं. दुसऱ्या तिकिटाचं मी तिला काही सांगितलं नाही.

तिचं काम दारांचं. मोटारीचं दार चौकटीत नीट बसलंय का, फट सगळीकडे सारखी आहे का, हे बोट फिरवून बघायचं. पाळीभर उभं राहून. ते बोट आता थांबत नाही. बोलता बोलता ती डब्याच्या झाकणाभोवती, फ्रिजच्या कडेवरून, बसच्या खिडकीवरून बोट फिरवते आणि मध्येच थांबून म्हणते, "इथे जास्त आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राजक्ता थर्ड करून आली. मी शिट्टी पुन्हा खिळ्याला टांगून ठेवली होती. भाकरी थापायचा आवाज खोलीत झाला असता म्हणून परात, तवा आणि हिराबाईंची शेगडी घेऊन मी गच्चीवर बसले. धुक्यात काहीच दिसत नव्हतं. फक्त माझे हात, पीठ आणि लांबून कुठूनतरी येणारी कारखान्याची एकसुरी घरघर. माझ्या गिरणीसारखीच, पण झोपेत ऐकू यावी तशी.

प्राजक्ताने उभ्यानेच गरम भाकरी दह्याशी खाल्ली. "रात्री लायनीवर उभ्या उभ्या डुलकी लागली," तिने सांगितलं. "सुपरवायझरने बाजूला बसवून ठेवलंन. सगळे बघत होते."

मी तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.

त्या घरात गजर कुणी लावत नाही, हेही मला तेव्हा कळलं. एकीचा गजर म्हणजे दुसरीची झोपमोड. त्यामुळे जी जागी असेल तिने जिची वेळ झाली तिच्या पायाचा अंगठा दाबायचा. एकदा दाबला की उठायचं, हा नियम. म्हणजे प्रत्येकीची नोकरी दुसरीच्या हातात.

गुरुवार हा इथला रविवार, कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी. पण बुधवारची थर्ड गुरुवारी सकाळी सुटते. ती करून आलेलीला, या आठवड्यात प्राजक्ताला, झोपायला घर रिकामं हवं म्हणून ऋतुजा गुरुवारी वाडीमागचा डोंगर चढते. मला घेऊन गेली. ही मुलगी लहानपणी तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीला जाताना मधल्या पायरीवर बसून राहायची. आता ती पुढे आणि मी मागे, कंबरेवर हात ठेवून.

"पहिल्या महिन्यात पाय इतके सुजायचे की बूट निघायचे नाहीत," ती चढता चढता म्हणाली. "मग हे सुरू केलं. जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करते रोज. दात घासताना."

वर देवीचं छोटं देऊळ आहे. खाली धुकं विरत होतं आणि त्यातून कारखान्यांची निळी छपरं वर येत होती, एखाद्या मोठ्या तळ्यासारखी. मधे मधे कांद्याचे आणि झेंडूचे तुकडे. महामार्गावर ते पांढरे ट्रेलर चालले होते, इथून तर त्यांचा काहीच आवाज नव्हता. सगळा मुलूखच पांघरूण घेऊन पडल्यासारखा दिसत होता. क्षणभर मलाही वाटलं, इथे जोरात बोलू नये.

पण बोलायचं होतं. "ऋतुजा, उद्याच्या बसचं तुझं तिकीट काढलंय मी. तुझ्या आईने सांगितलं होतं."

"काय?"

"दोन तिकिटं आहेत."

"मला न विचारता?" ती ओरडली. खरंच ओरडली, देवळाच्या कळसावरचे पारवे उडाले. "मी काय पार्सल आहे, सही करून न्यायला? आईला वाटतं मी इथे रडत बसलेय?"

पोरीला आवाज होता. चांगला खणखणीत, आमच्या घराण्याचा. मी निवांत दगडावर बसले.

"रडत नाहीस?" मी विचारलं.

तिचं बोट दगडाच्या कडेवरून फिरत होतं. "रडले ना. पहिल्या महिन्यात तू आली असतीस तर चप्पल न घालता बसमध्ये बसले असते."

"आणि आता?"

"आता दाराची फट मला डोळे मिटून कळते, मावशी. पुढे मला रंगाच्या विभागात शिकायला पाठवणार आहेत. ते मला सोडायचं नाही. आणि दर शुक्रवारी पाळ्या बदलतात, मी गेले तर प्राजक्ताला पहाटे उठवणार कोण?"

"आईला सांग मग."

"तू सांग. माझं तिला ऐकूच येत नाही."

दुपारी प्राजक्ता आपणहून उठली तेव्हा खिडकीवरची चादर काढली, आणि त्या घरातला आवाजाचा दिवस सुरू झाला. मिक्सर लागला. कुकरला शिट्टी चढली आणि प्रत्येक शिट्टीला तिघी पोरी "आली, बस आली!" म्हणून किंचाळत होत्या. प्राजक्ता सगळ्यांत मोठ्याने. हिराबाईंनी मासवडी केली होती (बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण भरून केलेली वडी, सोबत झणझणीत रस्सा). तो रस्सा मी तीनदा घेतला. अश्विनी म्हणाली, "मावशी, तुमचा आवाज या घराला गुरुवारपुरताच परवडेल."

शुक्रवारी पाळ्या बदलल्या. प्राजक्ता पहाटेच्या पाळीला. मला तशीही लवकर जाग येते, म्हणून ऋतुजाला म्हटलं, तू झोप. मग पांघरुणातून प्राजक्ताचा अंगठा शोधला आणि दाबला. ती एकदाच हलली आणि उठली.

ऋतुजा मला वल्लभनगर आगारापर्यंत पोचवायला आली. बस भरलेली होती. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर मी एका उभ्या असलेल्या पन्नाशीच्या कामगाराला बसवलं, अंगात कंपनीचा सदरा, गळ्यात ओळखपत्र तसंच. "सुट्टीच्या रात्री ओव्हरटाइमची थर्ड करून निघालोय, घरला चाललोय," एवढं म्हणाला आणि हडपसर यायच्या आत त्याची मान पडली.

तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. "निघालात? दे तिला."

"ती नाही आली," मी म्हणाले. "तिथेच राहिली. बरी आहे. डोंगर चढते. काम तिला सोडायचं नाहीये आणि सोडायला लावू नकोस."

मग सुनंदाचा घाबरलेला आवाज. "आक्का, तू का कुजबुजतेस? तूसुद्धा? काय झालंय, खरं सांग."

"काही झालं नाही गं. शेजारी माणूस झोपलाय."

"माझी शपथ?"

मी फोन त्या माणसाच्या नाकाजवळ नेला. तो शांतपणे घोरत होता. सुनंदाने ते बराच वेळ ऐकलं.

आता मी परत गिरणीवर आहे. सुनंदा दुपारी दळण घेऊन येते आणि तिथूनच लेकीला फोन लावते. परवा पट्टा जोरात फिरत होता, आणि ही बाई पिठाच्या डब्यावर बसून, तोंडावर पदर धरून कुजबुजत होती, "जेवलीस का? कोण झोपलंय आज?"

मी बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला.

"लाइट गेली काय?" रांगेतल्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तिकडे कुणीतरी झोपलंय."