जवळ म्हणजे किती विसावे?

सुनंदाबाई देसले यांची आणि माझी पहिली भेट शहापूरला, खताच्या दुकानाच्या माडीवर झाली. तिथे बाई संगणकाचा वर्ग घेत. मी शेजारच्या तालुक्यातून, म्हसा गावाच्या पुढच्या एका खेड्यातून, दोन एसट्या बदलून तिथे पोचलो होतो. फी किती, सर्टिफिकेट कधी मिळेल, असे प्रश्न पाठ करून आलो होतो. पण पहिला प्रश्न बाईंनीच विचारला.

"तुझ्या गावाहून इथलं अंतर किती?"

मी किलोमीटर सांगितले.

"हे उन्हाळ्यातलं झालं. पावसाळ्यात?"

अंतर पावसाळ्यात वाढतं की काय, असं माझ्या मनात आलं. बाईंचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय, असंही आलं. आज त्यांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथात हे कबूल करायला हरकत नसावी. आमच्या वाटेवरच्या ओढ्याच्या फरशीपुलावरून पाणी गेलं की मला दोन तास काठावर बसून राहावं लागे, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ते अंतरात धरायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाईंचं बालपण भातसानगरच्या वसाहतीत गेलं. वडील धरणावर पाण्याची पातळी नोंदवीत. बाई त्यांच्याबरोबर जाऊन पट्टीवरचा आकडा वाचत आणि विचारत, "हा आकडा वर गेला की कुणाची वाट बुडते?" वडिलांकडे याचं उत्तर नसे. मला वाटतं, बाई ते उत्तर शोधायला त्या दिवशी ज्या निघाल्या, त्या अजून घरी परतलेल्या नाहीत.

वर्गात त्यांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये डेटाबेसला प्रश्न विचारायचे तयार फिल्टर असतात: याच्याइतकं, त्याच्यापेक्षा मोठं, अमुक तारखेच्या आधीचं. हे शिकवायच्या दिवशी बाई घरून चाळण्या घेऊन आल्या. गव्हाच्या पिठाची एक, रव्याची एक आणि तिसरी म्हणजे पत्र्याच्या डब्याचं झाकण, त्याला खिळ्याने पाडलेली भोकं. ही वरीची. "वरीला पाहिजे तसली चाळण बाजारात मिळेना, म्हणून मी केली," त्या म्हणाल्या. "फ्रेमवर्कचंही तसंच आहे. तुमच्या धान्याची चाळण त्यात नसेल, तर रडू नका. आपली करायची आणि त्यांच्या चाळण्यांशेजारी टांगायची. एकदा टांगली, की ती इतरांसारखीच चालते." पुढे मी मोठ्या कंपनीत कामाला लागलो, जाडजूड पुस्तकं वाचली. फिल्टर वाढवणं म्हणजे काय, हे त्या झाकणाइतकं स्वच्छ मला त्यांतल्या एकानेही सांगितलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती माझ्या कौतुकाची नाही.

वाड्यापाड्यांवरच्या अडल्या माणसासाठी गाडी मिळावी, म्हणून बाईंनी आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून एक यादी उभी केली होती. शहापूर आणि आमचा, अशा दोन्ही तालुक्यांतले जीपवाले, टेम्पोवाले, त्यांची गावं, फोन. गावोगावच्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्याचं काम करणाऱ्या बायांनी, मोबाइलवर पाडा निवडायचा, की जवळची गाडी सगळ्यात वर यावी. 'जवळ' नावाचा तयार फिल्टर नव्हता, तो मी लिहिला. नकाशावरच्या दोन ठिपक्यांमधलं सरळ अंतर काढायचं, कमी असेल ते आधी. शे-सव्वाशे ओळींत काम फत्ते. मी इतका खूश, की माझाच मला हेवा वाटत होता. बाईंनी तो तपासला आणि "चालू दे" म्हणाल्या.

श्रावणात जलाशयाच्या काठच्या एका ठाकूरपाड्यातून फोन आला. हिराबाई नावाच्या म्हातारीची सून अडली होती. आशाताईंनी यादी उघडली. सगळ्यात वर एक जीपवाला होता, अंतर अगदी थोडं. तो लगेच निघालाही. पाड्यावरच्या माणसांनी सुनेला डोलीत घालून सडकेपर्यंत आणलं आणि तिला ताडपत्रीखाली धरून सगळे जीपची वाट बघत बसले. जीप येईना. जीपवाल्याचं गाव समोरच्या काठावर होतं, मधे धरणाचं पाणी. सरळ रेघेत तो शेजारी, रस्त्याने मात्र अख्ख्या पाण्याला वळसा. दोन तास गेले. शेवटी जवळच्या गावातला एक टेम्पो कुणीतरी धावत जाऊन आणला. मूल वाचलं. आईचं रक्त मात्र इतकं गेलं होतं, की ती राहते की नाही हे तीन दिवस डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. तो टेम्पोवाला आमच्या यादीत होता. चौथा.

ते तीन दिवस मी जेवलो नाही. चौथ्या दिवशी ती डोळे उघडून बोलली, तसा मी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, हे काम मला नको. आशाताईंच्या बैठकीत मला उभं करतील, अशी भीती होती. पण बैठकीत बाईच उभ्या राहिल्या. "फिल्टर मी तपासला होता. धरणाच्या वसाहतीत वाढलेय मी, पाणी कुठे आहे ते मला कळायला हवं होतं. चूक माझी." एवढंच बोलून त्या खाली बसल्या. माझं नाव त्यांनी उच्चारलंही नाही. ते ऋण माझ्यावर आजही आहे.

बाहेर आल्यावर त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. "चल, विचारायला जाऊ," म्हणाल्या.

ठाकूरपाड्याच्या वाटेवर मी नव्या बुटांत दोनदा घसरून पडलो. बाई साध्या चपलांत पुढे. पाड्यावर हिराबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती. शिव्या खायची माझी तयारी होती. बाईंनी मात्र पहिल्यांदा विचारलं, "इथून टेम्पोवाल्याचं घर किती लांब?"

"सा इसावे," म्हातारी म्हणाली. "सडकंला चार, म्होरं दोन."

"म्हणजे?"

"डोक्यावर मोळी घेऊन जाल ना, तं जितं उतरवून दम घ्यावा लागतो तो इसावा. चढ आसला का लवकर येतो. पावसात आनखी लवकर. आमी तेच मोजतो बाय."

बाई ओट्याच्या कडेवर टेकल्या. "मग टेम्पोकडे लगेच का नाही कुणाला पाठवलंत?"

"मोबाइलमधी बगून सांगितलान ना, जीप जवळ हाये म्हनून! आमी इस्वास ठेवून बसलो." तिने सूप खाली ठेवलं. "आमाला कोनी इचारलंच नाय गो."

परत येताना सडकेला लागल्यावर बाईंनी वही काढली आणि लिहिलं: चढ, ओझं, ओढा, महिना.

पुढचे दोन हिवाळे आणि त्यांमधला पावसाळा त्या आशाताईंबरोबर पाडा न् पाडा चालल्या. खरोखरीची मोळी डोक्यावर घेऊन चालल्या. गुडघे दुखतात असं म्हटलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "दुखेल तिथेच विसावा लिहायचा." प्रत्येक वाटेचे कोरड्या दिवसांतले विसावे वेगळे, पावसातले वेगळे. मग आम्ही दोघांनी नवा फिल्टर लिहिला. तो डेटाबेसला किलोमीटर विचारत नाही. कुठून, कुठे आणि कोणता महिना, एवढं सांगितलं की विसाव्यांप्रमाणे गाड्या लावून देतो. त्याचं नाव 'विसावा'. तयार फिल्टरांच्या शेजारी तो टांगलेला आहे आणि त्यांच्यासारखाच चालतो.

त्याच्याबरोबर बाईंनी एक चाचणीही लिहून ठेवली. आम्ही प्रोग्राममध्ये काहीही बदललं, की ती आपोआप चालते. तीत तोच पाडा आहे, श्रावण आहे, समोरच्या काठावरची जीप आहे. पहिलं नाव टेम्पोवाल्याचं आलं पाहिजे. हल्लीच मी वेग वाढवायच्या नादात काहीतरी हलवलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत बाईंनी लिहून ठेवलेलं वाक्य उमटलं: "अरे, पाण्यावरून चालता येत नाही." मी मुकाट्याने बदल मागे घेतला.

गेल्या महिन्यात बाईंच्या साठीनिमित्त त्याच माडीवर आम्ही जमलो. हिराबाईची सून आली होती. बरोबर तिची मुलगी, त्या श्रावणातली. यंदा ती पहिलीत गेली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि सवयीने विचारलं, "टेम्पोपर्यंत किती विसावे घेतलेस गो?"

"आई बोलते सा हायेत," ती म्हणाली. "मी दोनच घेतले."

बाईंच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच पाणी बघितलं. पण लगेच त्यांनी वही ओढली आणि पोरीला विचारलं, "आणि पावसाळ्यात?"

बाई, शंभरीचा पाडा अजून चाळीस वर्षांवर आहे. जवळ की लांब, ते तुम्हीच ठरवा. प्रकृती सांभाळा, गुडघ्यांचं ऐका, वाटेत हवे तितके विसावे घ्या. ओझं आमच्याकडे द्या आणि वही तुमच्याकडेच ठेवा.