अण्णांनी सरळ केलेल्या नळ्या

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, उभं आयुष्य पुण्यात पाण्याचे पाइप जोडण्यात गेलं. भिंतीवर वाकडा पाइप दिसला की पाहुण्यांच्या घरीसुद्धा त्यांना चहा गोड लागत नसे. अशा माणसाच्या पोरीने पीएच.डी.ला विषय घेतला तो पाइप मुद्दाम वाकवण्याचा!

पाणी गाळायच्या माझ्या नळ्या शेवयांइतक्या बारीक. त्यांच्या भिंतीतून स्वच्छ पाणी बाहेर झिरपतं, गाळ आत राहतो आणि भिंतीवर थर धरून नळी बुजवतो. नळी गुंडाळली, तर वळणावर पाण्यात आडवे भोवरे उठतात आणि भिंत धूत राहतात. एवढंच मला सिद्ध करायचं होतं.

शिल्लक होत्या तेवढ्या सगळ्या ओल्या नळ्या मी सळईला गुंडाळून, वळण पक्कं व्हावं म्हणून धायरीच्या आमच्या घरी गॅलरीत वाळत ठेवल्या. आंघोळ करून येते तो अण्णांनी एकेक नळी सोडवून, बोटांनी ताणून, ओळीने सरळ मांडलेली. ताणल्यामुळे सगळ्या नळ्यांना बारीक चिरा.

“वाकड्या व्हत्या, नीट केल्या,” ते खुशीत म्हणाले.

“कुणी सांगितलं होतं? कळत नाही तर हात कशाला लावता?”

ज्या हातांच्या कमाईवर शिकले, त्यांनाच मी हे बोलले. अण्णा आत निघून गेले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि माफी मागायची म्हटलं की दातखीळ बसते.

नव्या नळ्या यायला दोन महिने लागले. तेवढे दिवस ते माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत. मला ते फार लागलं. शेवटी मीच नळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. “अण्णा, माझ्याकडून सैल पडतायत. गुंडाळून द्याल?” भोवऱ्यांचंही सांगितलं.

“वढ्याच्या वळणाला पानी असंच काठ खातं की,” ते म्हणाले, आणि चष्मा पुसून कामाला बसले.

प्रयोगशाळेत एक सरळ नळी आणि अण्णांची गुंडाळी, दोन्हींत गढूळ पाणी सोडलं. सरळ नळी दुपारपर्यंत बुजली. अण्णांची गुंडाळी संध्याकाळीही, जरा मंद, पण वाहत होती. मी तिथूनच फोन लावला.

“अण्णा, तुमची चालू आहे.”

“आन् सरळ?”

“बुजली.”

अण्णा म्हणाले, “मंग तू वरडलीस ते बराबरच व्हतं. म्या उगं मनाला लावून घेतलं.”

“नव्हतं, अण्णा. बरोबर नव्हतं,” मी म्हणाले, आणि पंपाच्या शेजारी उभी राहून रडले.