कंडक्टरबाईंच्या गठ्ठ्यातल्या खारी

दाक्षायणी हत्तुरे सोलापूर-अक्कलकोट गाडीवर अठरा वर्षं कंडक्टर आहेत. वय बावन्न. रस्त्यात कुणी हात दाखवला आणि बाईंनी घंटी मारली नाही, असं सहसा होत नाही. माणूस मागे ठेवून पुढे जायचं त्यांच्या जिवावर येतं.

गेल्या वर्षी मुलाचं, विरेशचं लग्न झालं आणि सून श्रीदेवी घरी आली. ती घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. तिच्या सामानात एक पत्र्याचा डबा होता आणि डब्यात शेकडो रंगीत पत्ते. खेळाचं नाव 'रानराज्य'. तिने सासूला समजावलं, "अत्ती, ह्यातनं प्रत्येकानं आपले चाळीस पत्ते निवडायचे. काही झरे, काही प्राणी. झरा मांडला की पाणी मिळतं, पाणी असेल तरच प्राणी मैदानात उतरतो. सुरुवातीला हातात पाच येतात, मग दर पाळीला एक."

बाईंनी त्याच संध्याकाळी गठ्ठा बांधला. आठ झरे आणि बत्तीस प्राणी, बत्तीसही वेगवेगळे. अस्वल आवडलं म्हणून अस्वल, मोर देखणा म्हणून मोर, साळिंदर बिचारं दिसलं म्हणून साळिंदर. मग त्या हरल्या. सलग अकरा डाव हरल्या. हातात हत्ती, वाघ, गवा, सगळे तालेवार यायचे आणि पाण्याचा थेंब नसायचा.

"माझं नशीबच खोटं हाय," त्या म्हणाल्या.

"नशीब न्हाई, अत्ती," श्रीदेवी म्हणाली. "तुमच्या गठ्ठ्यात कुठला पत्ता कधी येईल ह्याचा भरवसाच न्हाई. आधी मोजून बघा."

बाई दुसऱ्या दिवशी मोजायला बसल्या ते अक्कलकोटच्या स्टँडवर, गाडी सुटायला पंचवीस मिनिटं होती तेव्हा. ड्रायव्हर गुरप्पा पिसायचा, पाच पत्ते वाटायचा, आणि बाई वहीत रेघ ओढायच्या. पाचात निदान दोन झरे आले तर हात चांगला, नाहीतर वाईट. चार दिवसांत पन्नास हात झाले. चांगले निघाले तेरा.

त्या चौथ्याच दिवशी स्टँडवरचे कंट्रोलर गाडीत डोकावले.

"बाई, गणवेशात पत्ते खेळताय?"

"खेळत न्हाय साहेब. मोजतोय."

"काय मोजताय?"

"झरे."

कंट्रोलरसाहेबांनी गुरप्पाकडे पाहिलं. गुरप्पाने गंभीर चेहऱ्याने त्यांच्यापुढे एक पत्ता धरला. त्यावर साळिंदर होतं. साहेब बराच वेळ साळिंदराकडे बघत राहिले, मग सीटच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "आता मला वाटा बघू पाच." त्या दिवशी गाडी वेळेवर सुटली, पण साहेबांना तीनदा उतरा म्हणावं लागलं.

घरी आल्यावर बाईंनी गठ्ठा जमिनीवर पसरला. झरे आठाचे सोळा केले. म्हणजे प्राण्यांना जागा उरली चोवीस. एका पत्त्याच्या तीन प्रती चालतात, तेव्हा आठ जाती, प्रत्येकी तीन. बत्तीसातले चोवीस प्राणी घरी ठेवायचे होते. बाईंनी मोर उचलला, परत ठेवला, परत उचलला.

"एकालाच तीनदा घ्यायचं आन् बाकीच्यांनी काय करायचं?" त्या म्हणाल्या.

"डब्यात झोपायचं," श्रीदेवी म्हणाली. "आणि अत्ती, खार घ्या."

"खार? तिच्या अंगात जोरच न्हाय की."

"जोर नसू दे. एका झऱ्यावर उतरते, आणि उतरली की गठ्ठ्यातले दोन पत्ते हातात येतात."

बाई थांबल्या. मग एकदम हसायला लागल्या, इतक्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणजे खार लढायला नव्हतीच, ती बाकीच्यांना बोलवायला होती. तीन खारी आत गेल्या. नवे पन्नास हात वाटले तेव्हा चांगले निघाले पस्तीस. गुरप्पाने वही बघितली आणि म्हणाला, "छलो अद." त्याच्या कानडीत एवढी स्तुती बाईंनी अठरा वर्षांत ऐकली नव्हती.

नव्या पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर रविवारी स्पर्धा होती. सोळा खेळाडू, हरला तो बाहेर. बाईंनी सुट्टी बदलून घेतली आणि जरीकाठाची साडी नेसल्या. पहिल्याच टेबलावर कॉलेजातल्या मुलीने विचारलं, "काकू, कुणाला सोडायला आलात?"

"तुला हरवायला," बाई म्हणाल्या, आणि हरवलंही.

दुसरा डावही जिंकला. तिसरा होता मृत्युंजयशी. तो बँकेत नोकरीला, केस पिकायला लागलेले, आणि त्याच्या गठ्ठ्यातला पत्ता न् पत्ता चमचमणारा. एक एक असा दुर्मिळ की आजूबाजूचे उठून बघायला आले. पण ते पत्ते त्याच्या हातात येत होते ते उलटसुलट. बाईंकडे मात्र झरा, झरा, खार, मग कोल्हा, मग गवा, अगदी रांगेत उभे असल्यासारखे आले. सातव्या पाळीला मृत्युंजयने हात वर केले.

शेवटच्या टेबलावर समोर बसली श्रीदेवी.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनाही हसू फुटलं. दुकानदाराने दोनदा खाकरून पाहिलं. श्रीदेवीचा गठ्ठा बाईंच्या गठ्ठ्याइतकाच नेटका होता, त्यामुळे डाव कुणाकडेच झुकेना. मैदानात दोन्हीकडे गर्दी झाली. मग बाईंनी तिसरी खार उतरवली, दोन पत्ते उचलले, त्यात दोन गवे.

"अत्ती, एवढं मी शिकवलं नव्हतं," श्रीदेवी म्हणाली.

"तूच शिकवलंस गं," बाई म्हणाल्या आणि दोन्ही गवे मांडले.

बाई जिंकल्या. दुकानदाराने प्रमाणपत्र दिलं, त्यावर नाव 'दाक्षायण' असं छापलं होतं, ते वाचून पुन्हा हसू. जिन्यात दोघी एकमेकींना धरून उतरल्या, कारण हसू थांबत नव्हतं. खाली स्कूटरवर बसल्या तरी श्रीदेवीला किल्ली लावता येईना. शेवटी स्कूटर तिथेच ठेवून दोघी आधी उसाचा रस प्यायल्या.

पुढच्या मंगळवारी सकाळच्या गाडीत मृत्युंजय चढला. त्याने अक्कलकोटचं तिकीट मागितलं.

"अक्कलकोटला काय काम काढलं?" बाईंनी विचारलं.

"काम काही नाही," तो म्हणाला आणि खांद्यावरच्या पिशवीतून चमचमणारा गठ्ठा काढला. "तुम्ही एकदा हे बघाल का?"

बाईंनी सगळ्यांची तिकिटं फाडली, मग त्याच्या शेजारी येऊन बसल्या आणि पत्ते पसरले. वाटेतलं वळसंग यायच्या आत नऊ बाहेर काढले होते, आणि मृत्युंजय प्रत्येकासाठी रदबदली करत होता.