विसरभोळ्या जादूगाराची वही

गेल्या वर्षी मी एक कादंबरी लिहायला घेतली. विसरभोळ्या जादूगाराची. तो चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत फिरतो, आणि मंत्र चुकला की शेजाऱ्यांच्या मिक्सरमधून बेडूक निघतात. इथवर गंमत. पण त्याच्याकडे लाल फडक्यात बांधलेली एक वही आहे, आणि तिच्यातलं ज्याचं नाव तो विसरेल तो माणूस नाहीसा होतो. दाराशी नुसत्या चपला उरतात. सोसायटीतले लोक आधी घाबरतात, मग नकोशा भाडेकरूंची नावं त्याच्यासमोर काढणंच बंद करतात.

हा जादूगार म्हणजे माझे वडील, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना तर नाहीच.

वडील गंगाघाटावरचे उपाध्ये. आमच्याकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या आहेत. गावोगावची माणसं येतात, आपल्या घराण्याचं पान काढायला लावतात, पणजोबाची सही बघतात आणि तिच्याखाली स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहितात. ते आम्ही लिहायचं नाही, असा रिवाज. वडिलांना वही लागायचीच नाही. गाव आणि आडनाव ऐकलं की सात पिढ्या घडाघडा म्हणायचे. मग एकदा नामपूरचे यजमान समोर बसलेले असताना ते तिसऱ्या पिढीला अडले. ओठ नुसते उघडे राहिले.

"गुरुजी, आमनं नाव शे ना त्यामा?" वहीत आपलं नाव आहे ना, या काळजीनं यजमानांनी विचारलं.

वडील हसले, पण हात धोतराला पुसत राहिले. त्याच संध्याकाळी मी तो प्रसंग कादंबरीत घातला आणि चांगला विनोदी केला. लिहिताना मला हसू आलं होतं, याची आजही लाज वाटते.

पुढे वडीलच मागे लागले. "अगं, वाचायला देणार आहेस की नाही?" आज देते, उद्या देते करत महिना गेला. शेवटी एका सोमवारी सकाळी प्रिंट त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि ऑफिसला पळाले.

दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. एकच पत्र तीनदा टाइप केलं. दोनदा घरी फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. आता ते बेडकांपाशी असतील, आता वहीपाशी. बापाच्या म्हातारपणाची टिंगल केली म्हणून बोलायचे बंद झाले तर? आणि स्वतःला ओळखलंच नसेल तर? ते जास्त वाईट. साडेपाचला निघाले तर द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा हलेना. मी उगाच रिक्षावाल्यावर खेकसले.

वडील गॅलरीत बसले होते. मांडीवर कागद.

"मिक्सरचं झकास जमलंय," ते म्हणाले. "पण म्हातारा फार गबाळा केलायस. मी चष्मा कपाळावर नाही ठेवत, डोक्यावर ठेवतो."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. माफी मागायला मी त्यांच्याजवळ बसले, तेवढ्यात त्यांनी शेवटचं पान पुढे केलं. खालच्या कोऱ्या जागेत त्यांच्या अक्षरात आमची वंशावळ होती, खापरपणजोबांपासून त्यांच्यापर्यंत, एकही नाव न चुकता. त्याखाली 'कन्या' आणि पुढे रिकामी जागा.

"तुझं नाव लिही, अगं."

रिवाजच आहे तो. ज्याचं त्यानं लिहायचं. मी पेन घेतलं आणि सहज त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या हाताकडे टक लावून होते, ओठ किंचित उघडे, त्या नामपूरच्या यजमानांपुढे होते तसे. आज सकाळी त्यांनी मला काय हाक मारली होती? अगं. काल? अगं. विचारायचं धाडस काही झालं नाही. मी मोठ्या, सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं.

वडिलांनी कागद जवळ ओढला, डोक्यावरचा चष्मा खाली घेतला आणि ते नाव हळू आवाजात दोनदा म्हणून बघितलं.