पांझरेच्या पात्रात रुतलेलं वऱ्हाड

माझं लग्न पिंपळनेरला झालं, ऐंशीच्या दशकात, भर उन्हाळ्यात. सासर नदीपलीकडच्या खेड्यात. सासरे तिथले सरपंच. सगळे त्यांना आबा म्हणत, आणि आबा एकदा बोलले की गावात दुसरं कोणी बोलत नसे.

परतीचं वऱ्हाड ट्रकमधून निघालं. आबा आणि नवरदेव ड्रायव्हरशेजारी, आम्ही बायका मागे गाद्या-भांड्यांवर, बाकीचे पुरुष फळीला धरून उभे. पुलाकडे वळायचं सोडून आबांनी ट्रक सरळ पांझरेच्या कोरड्या पात्रात घालायला सांगितला. "लांबचा फेरा कशाला? गावात बँडवाले ताटकळले असतील."

काठावर एक गुराखी घाईघाईने शेळ्या वर हाकत होता. तो ओरडला, "आबा, वर डोंगरमा पानी पडनं! नदीमा नका जावा!" पश्चिमेला आभाळ काळंभोर झालेलं आम्हालाही दिसत होतं. ड्रायव्हर घुटमळला.

"काही व्हत नही," आबा म्हणाले. "मी शे ना!"

पात्राच्या मधोमध चाकं वाळूत रुतली. पुरुष उतरून ढकलू लागले. जितका जोर लावावा तितकी चाकं खोल जात होती. तेवढ्यात वाळूवरून एक गढूळ धार आली, फेस आणि पालापाचोळा घेऊन. मी त्याच काठावर वाढलेली. अशी धार दिसली की धुणं टाकून वर पळायचं, हे आम्हा पोरींना पक्कं ठाऊक होतं.

"आबा, पूर यी राह्यना!" मी मागून ओरडले, सगळ्यांना उतरवायला सांगू लागले. "बठ्ठास्ले खाले उतारा!"

नव्या नवरीचा आवाज सासरच्यांनी पहिल्यांदा ऐकला तो असा. आबांनी वळूनही पाहिलं नाही. "आणखी एकदा ढकला रे!"

मी शालू खोचला आणि खाली उडी मारली. आबांची थोरली बहीण, अक्का, वरून माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने हात पुढे केला. "धर मले," म्हणाली. ती उतरल्यावर बाकीच्या बायका कशाला थांबतात! पोरंबाळं कडेवर घेऊन आम्ही माहेरच्या काठावर आलो. पुरुषही ट्रक सोडून आले, शेवटी ड्रायव्हरसुद्धा.

आबा एकटे आत बसून होते. पाणी पायरीला लागलं तेव्हा नवरा परत गेला आणि त्यांना हाताला धरून घेऊन आला. आम्ही बघत असतानाच ट्रक कलंडला. गाद्या आणि पितळी पातेली वाहून गेली. माणूस मात्र एकही गेलं नाही.

पाठवणी झालेली मुलगी त्याच दिवशी अख्खं वऱ्हाड घेऊन दारात! आईने कपाळाला हात लावला आणि पुन्हा पिठलं-भाकरी टाकली. आबा एका कोपऱ्यात ओल्या धोतराने बसले होते. मी ताट नेऊन ठेवलं. त्यांनी ते पुढे ओढलं आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुलावरून गेलो. चूक झाली असं आबा पुढे कधीच म्हणाले नाहीत. गावात सांगायचे, "एवढा पूर आला, तरी वऱ्हाड सुखरूप आणलं." अक्का ते ऐकून हसायची. मी मात्र त्या घरात कधीच हळू आवाजात बोलले नाही, आणि मला तसं कोणी सांगितलंही नाही.