दगडाखालचा पाहुणा

आमच्या सासूबाई दगड उचलण्याआधी त्यावर दोनदा टिचकी मारत. "कोणाच्या घरात असं घुसू नये, बाप्पा," म्हणत. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवत.

अमरावतीच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. मुंग्यांच्या घरात राहणारा एक भुंगा असतो, मोहरीएवढा, तांबूस, जन्मांध. मुंग्या त्याला घास भरवतात आणि त्याच्या अंगावरचा पाझर चाटतात. हा पाहुणा त्यांनी दरवर्षी फळ्यावर काढला, प्रत्यक्षात एकदाही पाहिला नाही.

२०२०च्या फेब्रुवारीत त्या महिनाभरासाठी परदेशात, आमच्याकडे चेरीवूडला आल्या आणि विमानं बंद झाल्यावर अडकल्या. जावयाच्या घरी राहणं त्यांच्या अगदी जिवावर आलेलं. "लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात, अन् मी तं मुक्कामच ठोकला," म्हणत रोज कणीक भिजवत, मला कणकेला हातसुद्धा लावू देत नसत. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि अमरावतीतलं ऑपरेशन राहून गेलेलं. आम्हाला काळजी डोळ्यांची. त्यांना घाई एकच, नजर आहे तोवर तो भुंगा बघायचा.

घरामागच्या उतारावर पिवळ्या मुंग्या होत्या. पाऊस उघडला की बाई माझा रेनकोट चढवून गवतात पालथ्या पडत. शेजारीण कुंपणावरून विचारी, "इज शी ऑल राइट?"

"शी'ज ग्रँड!" माझी बायको रेवती ओरडून सांगे.

हा भुंगा या देशात आहे तरी का, असं मी एकदा विचारलं. "दगडाले विचारू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्यांना मुंग्याही धड दिसेनात. भिंग माझ्या हाती आलं. एका दुपारी मुंग्यांच्या घाईगर्दीत काहीतरी तांबूस, सावकाश चालताना दिसलं.

"मिशा?" त्यांनी तोंडी परीक्षा सुरू केली.

"आखूड, जाड."

"डोळे?"

मी पुन्हा पुन्हा बघितलं. "नाहीत, आई. डोळेच नाहीत."

"तं तोच."

त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ धरलं. "नाही दिसत. ठेवा दगड, जपून." मी दगड होता तसाच ठेवला. त्या घरी जाऊन कणीक भिजवायला लागल्या.

प्रवास सुरू होताच त्या अमरावतीला परतल्या. दिवाळीनंतर व्हिडिओ कॉलवर काळा चष्मा लावून आल्या. "दोन्ही डोळे झाले. भिंतीवरची मुंगी दिसते आता." मी अभिनंदन करू लागलो, तर मला थांबवून म्हणाल्या, "ते राहू द्या. जावईबापू, तिकीट पाहा. अन् परतीचं काढू नका. तो कधी भेटन, काय सांगता येते?"